जमनीनं साहेबापुढं गळा काढला

घाटंजीच्या अंगाला रानाच्या कडेनं भावसिंग नायकाचा तांडा होता, आणि त्या तांड्यात रामधनची बायको जमनी म्हणजे तव्यावरची भाकर. हात लावायचा तर आधी फुंकून. लग्न होऊन आली त्याच वर्षी सासू म्हणाली, "सून कशी वाकून राह्यली पाहिजे." तर ही म्हणे, "कापूस वेचताना दिवसभर वाकतेच ना वं याडी. घरी तरी सरळ राहू दे."

सासूनं तेव्हापासून वाकण्याचा विषय काढला नाही.

जमनीची धाकटी पोरगी गंगी. होळीत तांड्याचे डफ घुमत होते, लेंगीची गाणी रंगली होती, म्हाताऱ्यांच्यासुद्धा टाचा उचलत होत्या, आणि डफाच्या अगदी शेजारी पाळण्यात ही पोरगी निवांत झोपलेली. जमनी नाच सोडून तिच्याकडं धावली. कानाशी ताटली वाजवली, पितळेचा हंडा वाजवला. पोरगी हसली, ते हंड्याची चमक पाहून.

"बाहेरचं हाये," तांड्यातल्या जाणत्या बाया म्हणाल्या. "मरियामाले बोकड कबूल कर."

"बोकड खाऊन तुमच्या जिभेले चव येईन," जमनी म्हणाली. "पोरीच्या कानाले काय येईन?"

बोकड वाचला. गंगी मुकीच राहिली, असं तांडा म्हणायचा. जमनीला ते कधी पटलं नाही. कारण घरात तर पोरगी अखंड बडबडत होती, हातानं. मिशीला पीळ दिला की भावसिंग नायक. नाकाशी बोट वाकवलं की मोठ्या नथीची काकी. मूठ हळूहळू उघडत फुलवली की कापूस फुटला. पोटावर चापट मारून डोळे फिरवले की आजीनं गूळ लपवलाय, मी पाहिलंय, आणि मला दिला नाही तर सगळ्यांना सांगीन. खोटं बोलायची तेसुद्धा हातानंच, आणि पकडली गेली की दोन्ही हात आभाळाकडं उडवायची, हुबेहूब बापासारखी. जमनीच्या दंडापर्यंतच्या बांगड्या उन्हात हलल्या की अर्ध्या शेतावरून गंगी तिची गोष्ट वाचून घ्यायची. तांड्यातली पोरं तिच्याशी खेळता खेळता मुक्यानंच भांडायला शिकली होती.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी केळापूरच्या वाटेवर, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात, मुक्या-बहिऱ्या लेकरांची शाळा निघाली. राहणं-खाणं तिथंच. भावसिंग नायकानं बाजारात ही बातमी ऐकली, आपणहून शाळेत गेला, मास्तरांच्या पाया पडला आणि गंगीची जागा पक्की करून आला. नायक माणूस वाईट नव्हता. तांड्याचं भलं आपल्याच तोंडून व्हावं, एवढीच त्याची हौस.

"संगं काय काय द्याचं?" जमनीनं विचारलं.

"ताटली, घोंगडी, अन् हातभर लांब कापडाची एक मजबूत पट्टी."

"पट्टी कायले?"

"शाळा हाये. लागत असन," नायक म्हणाला, आणि रामधनही म्हणाला, लागत असन.

जमनीनं मनाशी ठरवून टाकलं, शाळेतल्या पोरी कमरेला बांधत असतील, नाहीतर कपाळाला. मग तांड्याची पोरगी काय साध्या चिंधीत जाईल? तिनं कापड दुहेरी घेतलं, मजबूत म्हणाले होते ना. लाल-निळ्या दोऱ्यानं काठ भरला, मधोमध आरशाची टिकली, मग टिकलीला जोड टिकली, दोन्ही टोकांना कवड्या. लग्नाच्या कांचळीवर, आरशांच्या चोळीवर, जेवढा जीव ओतला नव्हता तेवढा त्या पट्टीवर ओतला. तांड्यातल्या बाया हातात धरून धरून बघून गेल्या. शाळेत किसनराव मास्तरांनीही पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. टिकेल."

होळीला रामधन पोरीला शाळेतून घेऊन आला. अख्खा तांडा गोळा झाला, कारण रामधन वेशीपासूनच ओरडत आला होता, "बोलली! माही गंगी बोलली!" पोरीला मधोमध उभं केलं. तिनं बापाच्या ओठांकडं पाहिलं, मान ताणली, गळ्याच्या शिरा फुगवल्या आणि आवाज काढला, "पा... नी."

नायकानं तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. रामधन तर रडलाच. जमनीचेही डोळे भरले, खोटं कशाला सांगा. आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडचा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला होता.

सांजेला चुलीशी बसल्या बसल्या तिनं हातानं विचारलं, काय खात होतीस गं तिथं? गंगीनं आईच्या हातांकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. मग आपले दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यावर बसली.

जमनीला वाटलं पोरगी रुसली. तिनं नायकाची मिशी पिळून दाखवली, आजीचा गूळ दाखवला. गंगीचे ओठ हलले, "पा." हात मांड्यांखालीच.

दुसऱ्या दिवशी जमनीनं पोरीचं गाठोडं धुवायला सोडलं. त्यात ती पट्टी निघाली, पिळवटलेली. टिकल्या फुटलेल्या, कवड्या निखळलेल्या. "हे काय केलं वं छोरी माह्या पट्टीचं?" असं म्हणत तिनं ती पोरीपुढं धरली मात्र, गंगी मुकाट उठली, आईकडं पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही मनगटं मागं जोडून धरली. शेळी दाव्याला मान देते तशी.

जमनीनं पट्टी मुठीत लपवली. पट्टी कशाला लागते ते तिला कळलं होतं. आणि मजबूत टाके आपणच घातले होते, हेही.

"अवं, पन बोलली ना पोरगी!" रामधन म्हणाला. "इतक्या वर्सात कधी बोलली होती?"

"इतके वर्स बोलूनच राह्यली होती ते. आता गप झाली. तुले दिसत नाई, तू तिच्या तोंडाकडे पाह्यतं."

प्रकरण नायकाकडं गेलं. भावसिंगानं पट्टी हातात घेतली, खाली ठेवली. "मास्तर शिकेल मानूस हाये. हात चालले का जीभ चालत नाई, असं त्याईचं म्हननं. वळन लावाचं तं थोडं बांधा लागते. आन आयक, वैशाखात मोठा साहेब येनार हाये शाळा पाहाले. त्याचं मन बसलं तं शाळा सरकारी मदतीवर पक्की होईन. बिघडलं तं गोदामाले कुलूप. तुले पटत नसन तं पोरगी काढून आन, बकऱ्या चारन. नाईतं गुमान राय."

"काढूनबी आननार नाई न् गुमानबी राह्यनार नाई," जमनी म्हणाली. "मले शाळाबी पायजे, पोरीचे हातबी पायजेत."

"दोन्ही दरडीवर पाय ठेवते का वं?"

"दोन पाय मंग देवानं कायले देल्ले?"

नायकानं रामधनकडं पाहिलं. रामधननं चिलमीकडं.

पोरीला पोचवायला या खेपेला जमनी स्वतः गेली आणि ती पट्टी नेऊन मास्तरांपुढं टाकली. किसनराव मास्तर म्हणजे काटक माणूस, अंगावर स्वतः धुतलेली खादी, आवाज खणखणीत. लेकरांना जेवू घालून मग जेवणारा. त्याच्यावर रागावणंही सोपं नव्हतं.

"बाई, हे जग हातवारे समजत नाही," तो म्हणाला. "उद्या बाजारात दुकानदाराला ही काय सांगेल?"

"दुकानदाराले बोट दाखवन. आपल्या मायले काय सांगन, ते बोला."

"तुम्ही घरी हात चालवता, म्हणून इथली आमची मेहनत पाण्यात जाते. आणि मी काय विचारत नाही का? प्रत्येक पालकाला विचारतो, काही अडचण? आजवर एकाचीही तक्रार नाही."

हे खरं होतं. तो विचारायचा, पण विचारताना त्याचं तोंड दाराकडं असायचं. आणि आईबाप हात जोडून म्हणायचे, "बेस हाये जी." कारण तक्रार केली आणि लेकरू घरी धाडलं, तर पुढं काय? दुसरी शाळा कुठं होती?

"मंग मी आता सांगतो. माही तक्रार हाये."

"तुमचे नायक आहेत ना? साहेबांपुढं पुरुष मंडळी बोलतील. बायांची बसायची सोय ओसरीवर केली आहे."

बाहेर लिंबाखाली एक बाई पोराच्या मनगटांना तेल चोळत बसली होती. केळापूरकडची कौसल्या, घरदार नव्यानंच बौद्ध झालेलं. पोराचं नाव भीमराज. त्याच्या मनगटांवर वळ होते. जमनी जवळ बसली.

"तुह्याबी पोराचे?"

"दातानं पट्टी फाडते. मास्तर दुसरी मांगवते. मीच आनून देतो," कौसल्या म्हणाली. "आमी घरचे देव पान्यात सोडले तवा कोनाले भ्यालो नाई. पन इथं भ्याव लागते, बाई. या पोराले इथून काढलं तं कोठी नेऊ?"

एवढंच बोलणं झालं. मोटारी आल्या आणि दोघी दोन दिशांना गेल्या.

साहेब आले त्या दिवशी गोदामाला आंब्याचं तोरण लागलं. लेकरांना धुतलेले कपडे, डोक्याला तेल. पट्ट्या पेटीत. कोणाचेच हात बांधलेले नव्हते, आणि तरी सगळी लेकरं हात मांड्यांखाली घेऊनच बसली होती. साहेबांना वाटलं, काय ही शिस्त! सतरंजीवर बाप, आजे, नायक, ओसरीवर बाया. लेकरांनी एकेक उठून "पानी" म्हटलं, "आई" म्हटलं, एकानं तर "नमस्ते" म्हटलं आणि साहेबांनी टाळी वाजवली.

"पालकांचं काही म्हणणं?"

भावसिंग नायक फेटा सावरत उठला. "आमी समदे सुखी हाओ जी. कोनाची काई तक्रार नाई." सगळे फेटे, सगळ्या टोप्या खालीवर हलल्या. साहेबांनी चष्मा काढून खिशात घातला. झालंच होतं.

तेवढ्यात ओसरीच्या पायरीवर कौसल्या आली. मोटार चुकल्यानं पायी आलेली, धुळीनं भरलेली. जमनी उठली, चार पावलं पुढं झाली, कौसल्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि मोठ्यानं गळा काढला.

तांड्याची ही रीत आहे. आपली माणसं बऱ्याच दिवसांनी भेटली की बाया गळ्यात पडून रडतात, आणि नुसत्या रडत नाहीत. रडता रडता चालीवर आपलं सगळं सुखदुःख सांगून घेतात. कोण मेलं, कोण आजारी, सासू कशी वागली. ते रडणं संपेपर्यंत कोणी मध्ये बोलत नाही, मग तो नवरा असो की नायक. रडत्या बाईला तोडणं म्हणजे मयताच्या दारात हसणं. पण हे सगळं होतं सोयऱ्यात, आणि होतं तांड्याच्या गोरबोलीत. जमनी मात्र एका परक्या बाईच्या गळ्यात पडली होती, आणि साहेबाला शब्द न् शब्द कळेल अशा बोलीत रडत होती. असली बाई तांड्यानं पाहिली नव्हती.

"आली वं माही बाई, लई दिसानं आली वं...
तुले काय सांगू बाई, माह्या घरची गत वं...
पोरगी होती बोलकी, हाताची बोलकी वं...
मीच शिवली पट्टी बाई, मीच भरले काठ वं...
माह्याच टाक्यानं बांधली माह्या लेकीची वाचा वं..."

साहेब दचकले. "काय झालं? कोणी वारलं का?"

"नाई जी," नायकाचा घाम निघाला. "आमच्या बाया भेटल्या का रडतेत."

"मग थांबवा ना तिला."

भावसिंग अर्धा उठला. ओसरीवर त्याच्या तांड्याच्या आणखी बाया होत्या, त्या टक लावून त्याच्याकडं बघत होत्या. तो परत खाली बसला. "थांबवता येत नाई जी," तो खालच्या मानेनं म्हणाला. "रडत्या बाईले आमी तोडत नाई."

कौसल्या आधी लाकडासारखी उभी होती. कोण मेलं, हिला काय झालं, काही कळेना. मग एकेक शब्द कानात शिरला. चाल तिला येत नव्हती. तिनं जमनीच्या पाठीवर हात टाकला आणि बाजारात भांडावं तशा आवाजात सुरू केलं, "माह्या भीमराजनं पट्टी दातानं फाडली, तं दुसरी मांगवली. तीबी मीच देल्ली. जेवताना तेवढी सोडते, मंग पुन्हा बांधते. पोरगं झोपीतबी हात मांग घेऊन झोपते." तिच्या मागून मारेगावकडची एक म्हातारी बोलली, तिच्या मागून आणखी एक. बाया पायरी उतरून कधी सतरंजीच्या काठावर आल्या, कळलं नाही.

"पट्टी? कोणती पट्टी?" साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं.

किसनराव खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं पेटी उघडली. "बांधतो, साहेब. शिकवण्याची पद्धत आहे ती. आजच्यापुरत्या आत ठेवल्या, ती माझी चूक."

साहेबांनी पेटीत पाहिलं. भरलेली, फुटक्या आरशांची ती पट्टी वरच होती. ती त्यांनी उचलून पाहिली. मग म्हणाले, "मला शिकवण्यातलं कळत नाही, मास्तर. पण ही माणसं आज पहिल्यांदा तुमच्याशी बोलली, एवढं कळलं. आधी त्यांचं ऐकून घ्या. मग मदतीचं बघू." आणि गाडीत बसून निघून गेले.

मदतीचं बघू म्हणजे मदत अडकली. सगळे डोळे जमनीवर.

"झालं समाधान?" किसनरावनं पेटी धाडकन मिटली. "शाळा बंद पडली तर लेकरं कुठं जातील? रडून शाळा चालते का?"

जमनीनं पदरानं एका झटक्यात तोंड पुसलं. डोळे कोरडे. "रडून नाई चालत, मास्तर. इचारून चालते. आता इचारा आमाले. दाराकडे तोंड करू नोका."

"ते बाई तुही कोन लागते वं?" नायक मध्येच गरजला. आता रडणं संपलं होतं, त्याला बोलायला मोकळीक होती. "परक्या बाईच्या गळ्यात पडून तांड्याची रीत बाजारात मांडली तुनं!"

"तिच्या पोराचे हात बांधले, माह्या पोरीचे हात बांधले. याच्याहून जवळचं सोयरं कोनतं असते, नायक?"

किसनराव सतरंजीवर बसला. खुर्ची होती, तरी खाली बसला. आणि विचारलं. त्या दुपारी बायांनी जे सांगितलं ते ऐकताना तो मध्ये मध्ये चिडला, पण पुन्हा विचारत गेला. अखेर म्हणाला, "वर्गात तोंड. वर्गाबाहेर हात चालवू देत."

"अन् पट्टी?"

"पट्टी नाही."

"अन् दर महिन्याले आमी येऊन इथंच बसनार. लेकरू घरी काय करते, काय कराचं सोडलं, ते सांगनार. तुमी आयकनार."

"मी स्वतः हातवारे शिकणार नाही, आधीच सांगतो."

"नोका शिकू," जमनी म्हणाली. "आमी दाखवत राहू."

शाळा पडली नाही. मदत रखडत रखडत पुढच्या वर्षी आली, तोवर आईबापांनी ज्वारी, डाळ, सरपण पुरवून गोदाम चालतं ठेवलं. महिन्याची बैठकही चालू राहिली. गावात जाऊन आल्यावर एक लेकरू सारखं रडतं, ते तिथली पोरं चिडवतात म्हणून, हे बैठकीत निघालं. रात्रीच्या अंधारात मुकी लेकरं भितात, कारण अंधारात त्यांना काहीच उरत नाही, हे एका आजीनं सांगितलं, आणि तेव्हापासून निजायच्या खोलीत कंदील राहू लागला. किसनरावचा तोंडी शब्दांचा हट्ट मात्र सुटला नाही, आणि लेकरं ते शब्दही शिकली. भीमराज पुढं आपलं नाव नीट सांगायचा.

तांड्यानं जमनीला सोडलं नाही. जेवणाला बोलावलं, पाणी दिलं. फक्त त्या वर्षीच्या लग्नांत एकही बाई तिच्या गळ्यात पडली नाही. भेटीच्या वेळी जमनी उभी राहायची आणि बाया तिच्या बाजूनं पुढं निघून जायच्या. तांड्यातल्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. नणंद म्हणाली, "नायकाचे पाय धर, सुटन."

"पाय कायले धरू? गळे लई झाले माह्याजवळ," जमनी म्हणाली. पण त्या रात्री तिनं भाकर खाल्ली नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते तर झालंच नव्हतं. पट्टी गेली, तरी गंगीचे हात बाहेर आले नाहीत. दर महिन्याला जमनी यायची, अंगणात बसायची, हातानं बोलायची. म्हैस व्याली. काकीची नथ विहिरीत पडली. आजी तुझी आठवण काढते. गंगी सगळं बघायची, डोळ्यांत सगळं उतरायचं, हात मांड्यांखाली. दुसऱ्या पोरी अंगणभर हातांनी चिवचिवायच्या, ही तशीच.

"बसली ते आता," रामधन म्हणायचा. "मोडलेलं झाड."

"तू तुह्या बैलाचं पाय," जमनी म्हणायची, आणि पुढच्या महिन्याला पुन्हा मोटार धरायची.

कार्तिकात एकदा मोटारीचं चाक रस्त्यात निखळलं. जमनी पोचली तेव्हा बैठक उठून गेली होती, बाकीच्या आया आपापल्या लेकरांना भेटून परतल्या होत्या. अंगणात लेकरं खेळत होती, गंगी एकटी बाजूला उभी. जमनीला पाहताच ती ताडताड चालत आली. आणि तिचे दोन्ही हात उडाले.

कुठं होतीस? सगळ्यांच्या आया आल्या. माझी नाही आली. तेव्हाही नाही आलीस. माझे हात मागं, मी बघते दाराकडं, रोज बघते, तू नाही. तू शिवलीस. तू! बोट आईच्या छातीवर टोचत होतं, पुन्हा पुन्हा. आणि मग अशा काही खुणा आल्या की त्या जमनीनं कधी पाहिल्याच नव्हत्या. इथल्या लेकरांनी आपापसांत घडवलेल्या, झरझर, रागानं भरलेल्या. जमनीनं हात पसरून विचारलं, म्हणजे काय गं? गंगीनं कपाळावर हात मारला, काय ही अडाणी आई, आणि तीच शिवी सावकाश, एकेक बोट दाखवत, पुन्हा दिली.

जमनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या खेपेला त्याला ना चाल होती ना शब्द. ती मान हलवत होती. हो. मीच. दे शिव्या. आणखी दे.

वर्गाची वेळ झाली. किसनराव मास्तर दारात आले आणि लेकरांना बोलवायला नेहमीसारखा हात वर केला. बाकीची लेकरं धावली. गंगीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, तळहात सरळ त्यांच्या दिशेनं रोखला, थांबा, आणि वळून आईला पुढचं सुनवायला लागली.

मास्तरांचा हात हळूहळू खाली आला. ते थांबले.